डेल्यूज मोबाइलवरून कसं चालवायचं: वेबयूआय प्लगइन पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

आमचा जुना डेस्कटॉप वरच्या खोलीत आहे आणि माझं बस्तान खाली. रात्री लिनक्सची एखादी आयएसओ फाइल किंवा इंटरनेट अर्काइव्हवरचे जुन्या मराठी मासिकांचे अंक उतरवायला लावायचे, आणि मग ‘कुठवर आलं’ हे बघायला तासातासाने जिना चढायचा, असं वर्षभर चाललं. एकदा सकाळी वर गेलो तर डिस्क भरल्यामुळे रात्रभर सगळं ठप्प. तेव्हा कुठे शोधाशोध केली आणि कळलं की मी वापरत होतो त्या डेल्यूजमध्येच ब्राउझरमधून बघण्याची सोय आहे. प्लगइनांच्या (प्रोग्रामला जोडता येणाऱ्या जास्तीच्या सोयींच्या) यादीत ती वर्षभर माझ्यासमोर होती, फक्त टिक केलेली नव्हती.

काम दहा मिनिटांचं आहे. मला दोन संध्याकाळी लागल्या. का लागल्या ते खाली येईलच.

डेल्यूज हा पायथॉनमध्ये लिहिलेला मुक्तस्रोत टॉरेंट प्रोग्राम आहे. टॉरेंट म्हणजे एकच फाइल अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी उतरवण्याची पद्धत. त्याची रचना आधी समजून घ्या, पुढचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. फायली उतरवणारं खरं इंजिन एक, आणि ते दाखवणारे चेहरे तीन: नेहमीची खिडकी, वेबपान आणि टर्मिनलमधला कन्सोल. चेहरा कुठलाही असो, मागचं इंजिन तेच. म्हणून वेबचा चेहरा जोडायला कोड लिहावा लागत नाही, बरोबर येणारं वेबयूआय प्लगइन चालू केलं की झालं. मी लिहितोय ते २.० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांबद्दल. २.० ही २०१९ साली आली. त्याआधीची १.३ अजून कोणी वापरत असेल, तर पहिल्यांदा ती बदला.

एक खुलासा. टॉरेंट म्हणजे चोरी, असा आपल्याकडे समज आहे. डेबियन, उबुंटू स्वतः टॉरेंट देतात. इंटरनेट अर्काइव्हवरच्या बहुतेक पुस्तकांच्या पानावर डाउनलोडच्या पर्यायांत टॉरेंटही असतो. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन स्वामित्वहक्कातून मोकळं होतं, त्यामुळे जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा साठा असा बिनदिक्कत उतरवता येतो. नवे सिनेमे उतरवायचे असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

काय काय लागेल

– डेल्यूज बसवलेला संगणक, विंडोज किंवा लिनक्स. जुना चालेल.
– त्याच राउटरवर असलेला मोबाइल किंवा दुसरा संगणक.
– राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड. बहुतेक वेळा राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो.
– कागद आणि पेन. आकडे लिहून ठेवायचे आहेत.

या लेखात सगळे अंक देवनागरीत आहेत. ब्राउझरच्या पट्टीत ते इंग्रजी अंकांतच टाइप करायचे. हसू नका, माझ्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू होता आणि पहिली पंधरा मिनिटं त्यातच गेली.

१. प्लगइन आहे का ते बघा

डेल्यूज उघडा. एडिट मेनूतून प्रेफरन्सेसमध्ये जा. डावीकडच्या यादीत प्लगइन्स आहे, त्यावर क्लिक करा. ब्लॉकलिस्ट, लेबल, शेड्यूलर अशी नावं दिसतील. त्यांतच वेबयूआय आहे.

वेगळं काही डाउनलोड करायचं नाही. ‘डेल्यूज वेबयूआय डाउनलोड’ असं शोधून भलत्याच ठिकाणाहून फाइल आणू नका. बाहेरची प्लगइनं अंड्याच्या नावाच्या, म्हणजे ‘एग’ फायलींत येतात, ती पायथॉनच्या ठरावीक आवृत्तीसाठी बांधलेली असतात, आणि आवृत्ती जुळली नाही की गुपचूप बंद पडतात. वेबयूआयला यातलं काहीच करावं लागत नाही.

लिनक्सवाल्यांसाठी मात्र एक खाच आहे. डेबियन आणि उबुंटूमध्ये खिडकीचा भाग आणि वेबचा भाग वेगवेगळ्या पॅकेजांत ठेवलेला आहे. प्लगइन यादीत दिसतं, टिकही होते, पण वेबचा भाग बसवलेलाच नाही असा निरोप येतो. तसं झालं तर सिनॅप्टिक (पॅकेजं बसवायचा प्रोग्राम) उघडा, ‘डेल्यूज’ शोधा आणि नावाच्या शेवटी ‘वेब’ असलेलं पॅकेज बसवा. टर्मिनलची सवय असेल तर ॲप्टने तेच करा. डेल्यूज बंद करून पुन्हा उघडा.

२. एक नाही, दोन टिका

माझी पहिली संध्याकाळ इथे गेली.

प्लगइनच्या यादीत वेबयूआयसमोर टिक केली, अप्लाय दाबलं, ब्राउझर उघडला. काही नाही. संगणक पुन्हा चालू केला. काही नाही. फायरवॉल बंद केली, तरी काही नाही.

यादीतली टिक फक्त प्लगइन आत घेते. ती केल्यावर प्रेफरन्सेसच्या डावीकडच्या यादीत, अगदी खाली, ‘वेबयूआय’ नावाची नवी ओळ उगवते. त्या पानावर ‘वेब इंटरफेस चालू करा’ अशा अर्थाची आणखी एक चौकोनी खूण आहे, आणि ती मुळात रिकामीच असते. ती टिक करा, अप्लाय दाबा. आता खरं वेबपान चालू झालं.

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी आहेत. पोर्टचा, म्हणजे वेबपान ज्या दारावर भेटतं त्याचा आकडा ८११२. तो तसाच राहू द्या, कागदावर लिहून घ्या. दुसरी एसएसएलची, म्हणजे जोडणी सांकेतिक करण्याची खूण. पहिल्या दिवशी ती रिकामी ठेवा. टिक केलीत तर पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू करावा लागतो, आणि प्रमाणपत्र डेल्यूजने स्वतःच बनवलेलं असल्यामुळे ब्राउझर ‘हे सुरक्षित नाही’ म्हणून लाल पान दाखवतो. नवशिक्याला वाटतं आपलं काहीतरी बिघडलं. आधी साधं चालू द्या.

प्रेफरन्सेसमध्ये डीमन (मागे चालणाऱ्या इंजिनाचं नाव) नावाचं पान आहे, तिथे दुरून जोडणीला परवानगी देणारी एक खूण आहे. नाव वाचून वाटतं की मोबाइलवरून बघायचं तर हीच पाहिजे. नको. ती दुसऱ्या संगणकावरची डेल्यूजची खिडकी थेट इंजिनला जोडण्यासाठी आहे, आणि तिचा पोर्टही निराळा, ५८८४६. वेबपानाशी तिचा संबंध नाही. उगाच एक दार उघडं राहतं.

३. आधी त्याच संगणकावर बघा

मोबाइल हातात घेण्याआधी, डेल्यूज चालू आहे त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८११२ असं टाका. मधला कोलन (:) विसरू नका, तोही इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. पासवर्ड मागणारी छोटी चौकट आली म्हणजे तुमचं निम्मं काम झालं. इथेच नाही आली तर मोबाइलवर येणार नाही, तेव्हा मागच्या पायरीवर जा.

सुरुवातीचा पासवर्ड ‘डेल्यूज’ हाच आहे, प्रोग्रामचं इंग्रजी नाव, सगळी लहान अक्षरं. आत गेल्यावर तो बदलायचा का असं विचारलं जाईल. ‘नंतर बघू’ म्हणू नका, तिथल्या तिथे बदला. कारण सहाव्या पायरीत सांगतो.

काही जणांना आत गेल्यावर कनेक्शन मॅनेजर नावाची चौकट दिसते. वेबपान विचारतंय, कुठल्या इंजिनाला जोडू? यादीतली १२७.०.०.१ची ओळ निवडून कनेक्ट दाबा. ही चौकट बहुधा थिन क्लायंट पद्धत निवडलेल्यांना दिसते.

या पद्धतीबद्दल थोडं सविस्तर, कारण ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. प्रेफरन्सेसमधल्या इंटरफेसच्या पानावर डेल्यूज दोन पद्धतींनी चालवता येतो. स्टँडअलोनमध्ये खिडकी आणि इंजिन एकाच गाठोड्यात असतात, खिडकी पूर्ण बंद केली की इंजिनही बंद आणि वेबपानही बंद. थिन क्लायंटमध्ये इंजिन वेगळं मागे चालत राहतं, खिडकी बंद केली तरी वेबपान उघडतं. फक्त बाहेर पडताना डीमनसकट बंद करण्याचा जो पर्याय फाइल मेनूत आहे, तो दाबायचा नाही. पद्धत बदलली तर डेल्यूज पुन्हा सुरू करावा लागतो.

नवीन माणसाने स्टँडअलोनच ठेवावं असं माझं मत आहे. खिडकी बंद न करता घड्याळाशेजारच्या ट्रेमध्ये लपवा, काम होतं. महिनाभर वापरून झाल्यावर थिन क्लायंटकडे वळा.

४. संगणकाचा घरातला पत्ता

आता मोबाइल. त्याला संगणकाचा आयपी ॲड्रेस हवा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क, मग चालू जोडणीचे गुणधर्म, तिथे आयपीव्ही४ समोर तो मिळेल. लिनक्समध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जोडणीशेजारच्या दातेरी चाकावर क्लिक करा. १९२.१६८ ने सुरू होणारा काहीतरी आकडा असेल. समजा तो १९२.१६८.१.२५ आहे. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकायचं: १९२.१६८.१.२५:८११२.

उघडलं तर चहा घ्या. नाही उघडलं तर या क्रमाने बघा:

मोबाइल वायफायवर आहे का? मोबाइल डेटावर असेल तर हा पत्ता त्याला सापडणारच नाही.

मोबाइल पाहुण्यांच्या वायफायवर तर नाही ना? बऱ्याच राउटरांत गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं घरातल्या इतर उपकरणांना दिसत नाहीत, आणि ते मुद्दामच तसं केलेलं असतं. काही राउटरांत मुख्य वायफायलाही ‘आयसोलेशन’ची खूण असते. ती काढा.

विंडोजची फायरवॉल. डेल्यूज पहिल्यांदा चालवताना एक चौकट येते आणि आपण ती न वाचता बंद करतो. फायरवॉल बंद करून टाकू नका. ॲपना परवानगी देण्याच्या यादीत डेल्यूज शोधा आणि ‘प्रायव्हेट’ला टिक करा. घरचं वायफाय विंडोजने ‘पब्लिक’ म्हणून नोंदवलं असेल तर तेही ‘प्रायव्हेट’ करा. ‘पब्लिक’ला टिक करून मोकळं व्हायचा मोह होतो, पण मग हाच लॅपटॉप स्टेशनवरच्या वायफायला जोडलात तर तिथेही दार उघडं.

ब्राउझर स्वतःहून पत्त्याला ‘एचटीटीपीएस’ लावतो का तेही बघा. एसएसएल बंद असताना तसं केलं तर पान उघडत नाही. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपी’ स्वतः टाइप करा.

५. पत्ता पक्का करा

चार दिवसांनी पुन्हा उघडणार नाही. लाइट गेली, राउटर बंद झाला, परत आला, आणि त्याने संगणकाला नवा आकडा दिला. २५ चा ३१ झाला.

यावर उपाय राउटरमध्ये आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीखाली ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तशाच नावाचं काहीतरी असतं. तिथे आपल्या संगणकाचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कच्या भागाचा कायमचा ओळख-आकडा) निवडून त्याला २५ हाच आकडा राखून ठेवा. संगणकाला केबल आणि वायफाय दोन्ही असेल तर दोघांचे मॅक ॲड्रेस वेगळे असतात, रोज वापरात असलेलाच निवडा.

लाइट जाण्याचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी आत्ताच करून टाका. बायॉसमध्ये वीज परत आल्यावर संगणकाने काय करावं याचं सेटिंग असतं, ते ‘चालू व्हावं’ असं करा. आणि डेल्यूज संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांत टाका. संगणक सुरू होताना लॉगिनसाठी अडत असेल तर स्टँडअलोन डेल्यूजही अडतो, हे ध्यानात ठेवा. स्लीप तर पूर्ण बंदच करा, झोपलेला संगणक वेबपान दाखवत नाही. स्क्रीन खुशाल झोपू दे.

वीज अचानक गेल्यावर एखादी फाइल अर्धवट किंवा चुकीची दिसली, तर ती पुसून नव्याने सुरू करू नका. त्या ओळीवर उजवं क्लिक करून ‘फोर्स रीचेक’ दाबा. डेल्यूज तुकडा न् तुकडा तपासतो आणि खराब झालेले तेवढेच परत आणतो.

६. घराबाहेरून बघायचं असेल तर

इथे जरा थांबून वाचा.

‘राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा, की झालं’, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरने थेट संगणकाकडे पाठवावं, असा सल्ला तुम्हाला मिळेल. करू नका. हे फक्त टॉरेंटची यादी दाखवणारं पान आहे, त्यात कोणी डोकावलं तर काय बिघडतंय, असं मलाही वाटायचं. पण याच वेबपानाच्या प्रेफरन्सेसमधून प्लगइन चालू-बंद करता येतात, नवी बसवताही येतात. आणि डेल्यूजबरोबर येणाऱ्या प्लगइनांत एक्झिक्यूट नावाचं एक आहे, जे टॉरेंट पूर्ण झाल्यावर तुमच्या संगणकावर हवा तो प्रोग्राम चालवतं. म्हणजे वेबपानाचा पासवर्ड ज्याच्या हाती, त्याच्या हाती तुमचा संगणक. सुरुवातीचा पासवर्ड साऱ्या जगाला ठाऊक आहे, शिवाय एसएसएल नसेल तर नवा पासवर्डही तारेवरून उघडाच जातो. तिसऱ्या पायरीत घाई केली ती यासाठी.

दुसरं म्हणजे, आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्यांवर पोर्ट फॉरवर्ड मुळात चालतच नाही. इंटरनेट देणारे अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुम्ही त्या रांगेत आहात, आणि राउटरमध्ये कितीही खुडबूड केली तरी बाहेरून कोणी आत पोहोचणार नाही. माझी दुसरी संध्याकाळ यात गेली. नशीबच म्हणायचं, कारण तेव्हा पासवर्ड जुनाच होता.

चांगला मार्ग म्हणजे स्वतःचा खासगी बोगदा (व्हीपीएन). मी टेलस्केल वापरतो. वैयक्तिक वापराला मोफत योजना आहे. संगणकावर आणि मोबाइलवर दोन्हीकडे बसवायचं, एकाच खात्याने लॉगिन करायचं. प्रत्येक उपकरणाला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये संगणकाचा तो पत्ता आणि पुढे :८११२. राउटरला हात लावायचा नाही, बाहेरच्यांना काही दिसत नाही, आणि वाहतूक सांकेतिक असल्यामुळे एसएसएलची कटकटही नाही. हा १००चा पत्ता आणि वर सांगितलेला वॅनचा १००चा पत्ता एकाच गटातले असले तरी गोष्टी दोन आहेत, गल्लत करू नका. तारा जोडण्याची हौस असलेल्यांनी वायरगार्ड हा तसाच बोगदा स्वतः मांडावा.

७. रोजचा वापर

पान बऱ्यापैकी डेस्कटॉपच्या खिडकीसारखंच आहे. वर ॲडचं बटण, मध्ये यादी, खाली तपशील. ॲडमध्ये टॉरेंट फाइल देता येते किंवा यूआरएलच्या जागी मॅग्नेट दुवा (फाइलशिवाय टॉरेंट लावणारा दुवा) चिकटवता येतो. तळाच्या पट्टीत वेग आणि डिस्कवरची मोकळी जागा दिसते. माझ्यासारख्यांनी ती जागा आधी बघावी.

नव्या लोकांची सगळ्यात मोठी फसगत सांगतो. मोबाइलवरून टॉरेंट लावलं म्हणजे फाइल मोबाइलमध्ये येत नाही. ती संगणकावरच उतरते, संगणकाच्याच फोल्डरात. आमच्या भावाने दोन दिवस मोबाइलचं डाउनलोड फोल्डर धुंडाळलं. वेबपानावर फोल्डरचा मार्ग विचारला तरी तो संगणकावरचाच द्यायचा. फाइल मोबाइलवर हवी असेल तर ते फोल्डर संगणकावरून शेअर करा, हे वेगळं काम आहे.

मोबाइलच्या पडद्यावर हे पान दाटीवाटीचं दिसतं. उजव्या क्लिकवर अवलंबून असलेल्या गोष्टी बोटाने करणं वैतागवाणं आहे. फोन आडवा धरा, किंवा अँड्रॉइडवर ट्रान्सड्रॉइड हे ॲप घ्या. ते एफड्रॉइडवर (मुक्तस्रोत ॲपच्या भांडारात) मिळतं आणि डेल्यूजच्या याच वेबपानाशी बोलतं. पत्ता, पोर्ट, पासवर्ड तेच टाकायचे. मी रोज हेच वापरतो, ब्राउझर फक्त सेटिंग बदलायला.

पासवर्ड विसरलात तर

डेल्यूज पूर्ण बंद करा, ट्रेमधूनसुद्धा. थिन क्लायंट असेल तर डीमनही. मग डेल्यूजचं सेटिंगचं फोल्डर उघडा. विंडोजमध्ये ते ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरात ‘डेल्यूज’ नावाने असतं, लिनक्समध्ये तुमच्या होममधल्या लपवलेल्या कॉन्फिग फोल्डरात. तिथे ‘वेब’ नावाची, शेवटी ‘कॉन्फ’ असलेली फाइल आहे. ती दुसरीकडे हलवा, पुसू नका. शेजारीच ‘वेब’ने सुरू होणारी प्लगइनची फाइल असते, पोर्ट आणि टिका तिच्यात असतात, तिला हात लावायचा नाही. डेल्यूज सुरू केला की पासवर्ड पुन्हा मूळचा होतो. लगेच आत जाऊन बदला, आणि या वेळी कागदावर लिहा. माझा कागद राउटरच्या खाली चिकटवलेला आहे.